गोळी देण्याआधी पाण्याचे विचारा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आम्ही काही परिचारिका मिळून आरोग्याचा स्टॉल लावतो. काही जणी अजून नोकरीत आहेत, काही जणी नोकरी सोडून वस्त्यांत काम करतात. टेबलावर बीपीचे मशीन, ग्लुकोमीटर, कापूस, पट्ट्या आणि दान म्हणून मिळालेल्या गोळ्यांचे डबे असतात. ऑक्टोबरचे ऊन असते. माणसे टेम्पोतून, ट्रॅक्टरमधून, रेल्वेच्या जनरल डब्यातून रात्रभर उभी राहून आलेली असतात, पुढे स्टेशनपासून पायी आलेली असतात. बहुतेकांचे मागणे एकच. "सिस्टर, पाय लय दुखून रायले जी. गोळी द्या ना एखादी."

आम्ही देत होतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, जी पट्टी हाताला लागेल ती. कुणी "घरी पण लागते" म्हटले तर दहाची अख्खी पट्टी देत होतो. माणूस जय भीम करून समाधानाने जायचा आणि आम्हालाही सेवा केल्याचे समाधान मिळायचे.

तीन वर्षांपूर्वी विशीतली एक मुलगी स्टॉलवर आली. तिने मोबाइलवर आईचा फोटो दाखवला आणि विचारले, ओळखता का? हजारो चेहऱ्यांतून ओळखणे शक्य नव्हते. आई भंडाऱ्याकडची. पावसाळ्यात धानाची रोवणी, उरलेल्या दिवसांत वीटभट्टी. दरवर्षी आमच्याच स्टॉलवरून पट्टी न्यायची आणि ती संपली की गावातल्या दुकानातून तशीच गोळी आणायची. बीपीची गोळी आरोग्य केंद्रातून चालू होती. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. मुलीने भांडण केले नाही. तिने फक्त विचारले, "त्या गोळीनं झालं का, सिस्टर?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. खरे उत्तर असे होते की नक्की सांगता येत नाही. बीपीनेही किडनी जाते, साखरेनेही जाते. पण गोळीचा काही संबंध नाही, असे म्हणण्याची आमची हिंमत झाली नाही. संबंध कसा असतो ते आम्ही डिप्लोमाला शिकलो होतो आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. तो विसरलेला पाठ आज या पानावर पुन्हा उघडतो आहोत.

चरबी म्हटले की आपल्याला पोटाचा घेर आठवतो, नाहीतर तेलाचा डबा. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंतच स्निग्ध रेणूंची बनलेली असते. दोन पदरी, अतिशय पातळ, तेलकट पापुद्रा. या पापुद्र्यात ॲरॅकिडोनिक ॲसिड नावाचा, वीस कार्बनची साखळी असलेला एक रेणू टाचून ठेवलेला असतो. पेशीला मार बसला, ताण पडला, जंतू शिरला, की एक एन्झाइम तो टाका उसवते आणि रेणू मोकळा करते. मग दुसरे एन्झाइम त्याला धरते. त्याचे नाव सायक्लोऑक्सिजनेज, वॉर्डात आम्ही त्याला नुसते कॉक्स म्हणतो. त्यातून तयार होते प्रोस्टाग्लँडिन. ते पेशीच्या बाहेर पडते, शेजारच्या पेशीच्या दारावर थाप मारते आणि निरोप सांगते.

पूर्वी गावात कुणी वारले की पाव्हण्यांच्या गावी सांगावा घेऊन आपलीच माणसे पाठवली जात. रात्र असो, पाऊस असो, पायी. या रेणूचे काम सांगाव्याचेच आहे, फक्त ते त्याच्यावर जातीने लादलेले नाही. आणि त्याची धाव लांबची नसते. इन्सुलिनसारखे हार्मोन रक्तातून साऱ्या शरीरभर फिरतात, प्रोस्टाग्लँडिन मात्र शेजारपाजारापुरते असते. पेशी ते साठवून ठेवत नाही. गरज पडेल तेव्हा तिथल्या तिथे बनवते, निरोप पोचतो आणि थोड्याच वेळात ते मोडून जाते.

गंमत अशी की कच्चा माल एकच, पण जागा बदलली की निरोप बदलतो. गुडघ्यात प्रोस्टाग्लँडिन रक्तवाहिन्या सैल करते, सूज आणते आणि दुखणे कळवणाऱ्या नसा इतक्या हळव्या करते की साधे उठताबसतानाही कळ येते. मेंदूत ते ताप चढवते. पोटात ते चांगले काम करते, आम्लाने जठराचे अस्तर जळू नये म्हणून त्यावर चिकट थर धरून ठेवते. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये त्याच कुटुंबातले थ्रॉम्बॉक्झेन सांगते, एकत्र या आणि जखम बुजवा. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून प्रोस्टासायक्लिन नेमके उलटे सांगते, पांगा, रक्त वाहू द्या. या दोघांच्या ओढाताणीवर आपले रक्त ना गोठते ना सांडते.

हे सगळे माणसाला फार उशिरा कळले. ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ साली. प्रोस्टाग्लँडिन १९३० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात सापडले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे असे वाटले म्हणून हे नाव पडले, आणि चुकीचे असूनही तेच टिकले. ॲस्पिरिन दुखणे कसे थांबवते, तर कॉक्सचे काम बंद पाडून प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही म्हणून, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. १९८२ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हेन आणि स्वीडनचे बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांना याच कामासाठी मिळाले. म्हणजे सत्तर वर्षे माणसे गोळी खात होती आणि ती काय करते हे कुणालाच ठाऊक नव्हते. आमच्या स्टॉलवर आम्हीही तेच करत होतो. फरक इतकाच की आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

कारण कॉक्स बंद पाडणारी गोळी गुडघा ओळखत नाही. ती पोटातून रक्तात जाते आणि जिथे जिथे हा निरोप बनतो तिथे तिथे तो कापते. गुडघ्याचा निरोप थांबला, बरे वाटले. त्याच वेळी पोटाच्या अस्तराचा निरोपही थांबला. उपाशीपोटी गोळ्या खाणाऱ्या किती बायकांना आम्ही काळी, डांबरासारखी शौच होते म्हणून दाखल करून घेतले आहे! ते पोटातले रक्त असते. पोटाचे तरी लक्षात येते. किडनीचे लक्षात येत नाही.

किडनीचे नीट समजून घेऊ. रक्त गाळण्यासाठी किडनीत बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो गुच्छ असतात आणि प्रत्येक गुच्छाकडे रक्त आणणारी एक छोटी वाहिनी असते. शरीरात पाणी भरपूर असते तेव्हा प्रोस्टाग्लँडिनला इथे फारसे काम नसते. म्हणून धडधाकट, खाऊनपिऊन असलेल्या माणसाने दातदुखीला दोन-तीन दिवस गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, गोळी म्हणजे विष असा प्रचार आम्हाला करायचा नाही. पण घाम गेला, जुलाब झाले, पाणी पोटात गेलेच नाही, की शरीर रक्तदाब सावरायला सगळीकडच्या वाहिन्या आवळू लागते. किडनीकडे रक्त आणणारी वाहिनीही आवळली जाऊ लागते. नेमक्या त्या वेळी किडनी प्रोस्टाग्लँडिन बनवते आणि त्या वाहिनीला सांगते, बाकीचे आवळू देत, तू उघडी राहा. तहानलेल्या शरीरात किडनी जगते ती या निरोपावर. आणि नेमकी त्या वेळी आपण गोळी घेतो. निरोप बनत नाही, वाहिनी आवळते, गाळणी उपाशी राहते.

आता हे आपल्या माणसांच्या दिवसाशी लावून पाहा. सोयाबीनच्या सवंगणीला गेलेली बाई सकाळी सहाला घर सोडते. वावरात आडोसा नाही, संडास नाही, म्हणून ती पाणी पीत नाही. हे ती कुणाला सांगत नाही, पण वस्तीतल्या बैठकीत दार लावून विचारले की सगळ्याच जणी सांगतात. रस्ता झाडणारी, मॅनहोलवर उभी असणारी, बांधकामावर गिट्टी वाहणारी, सगळ्यांचे हेच. दुपारी कंबर धरते, पदराच्या गाठीतली गोळी निघते आणि एका घोटाबरोबर पोटात जाते. एका घोटाबरोबर, कारण जास्त प्यायले तर लघवीला जावे लागेल. किडनीला ज्या एका निरोपाचा आधार होता तोही गेला. संध्याकाळी पुन्हा एक. असे दिवसामागून दिवस, हंगामामागून हंगाम.

पुस्तकात याला 'वेदनाशामकाचा दुष्परिणाम' म्हणतात. आम्हाला हा शब्द अपुरा वाटतो. दुष्परिणाम गोळीचा खरा, पण तहान कुणाची? पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून हक्क सांगण्यासाठी. आज तळ्यावर कुणी उघड अडवत नसेल. पण जिथे दिवसभर राबायचे तिथे हंडाभर पाणी आणि चार भिंतींचा आडोसा नसणे, आणि तो कुणाला नसतो याची यादी काढली तर तीच आडनावे निघणे, याला काय म्हणायचे? १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याचे पाणी आणि शौचालय मालकावर बंधनकारक केले गेले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी द्यावी असे लिहिले गेले. शेतमालकाच्या वावरात आणि वीटभट्टीवर यातले काय पोचले ते वाचकांनी स्वतःच्या गावात जाऊन पाहावे. किडनी गेल्यावर डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आठवड्यातून दोनदा चार-चार तास यंत्राला बांधून घेणाऱ्या बाईची मजुरी कोण देणार? आणि यंत्राआधी पाण्याचा माठ ठेवायला किती खर्च आला असता?

बीपीच्या गोळीची गोष्ट यातच येते, कारण भंडाऱ्याच्या त्या माउलीच्या पिशवीत ती होती. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या चांगल्या गोळ्या आहेत, किडनीला जपणाऱ्याही आहेत. त्या किडनीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात. बरोबर लघवी जास्त करणारी 'पाण्याची गोळी' असेल तर शरीरातले पाणी आणखी कमी होते. त्यावर दुखण्याच्या गोळीने आत येणारी वाहिनी आवळली, म्हणजे येणारा रस्ता अरुंद, जाणारा मोकळा, आणि टाकीतच पाणी कमी. गाळायला दाब उरतच नाही. या तिन्हींचा मेळ डॉक्टर लोक धोक्याचा मानतात. पण बीपीची गोळी एका ठिकाणाहून मिळते, दुखण्याची दुसऱ्या ठिकाणाहून, आणि दोन्ही पट्ट्या एकत्र पाहणारे कुणी नसते. आम्ही होतो, आणि आम्हीही पाहिले नाही. बीपीची गोळी मात्र हे वाचून कुणी बंद करू नये. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू असेल तर तीही आपल्या मनाने बंद करायची नाही. ती थोड्या मात्रेत प्लेटलेटचा निरोप कापते, गाठ होऊ देत नाही, आणि त्या माणसाला नेमके तेच हवे असते.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे सिकलसेल. आपल्या बौद्ध समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, हे नागपूरच्या कुठल्याही परिचारिकेला विचारा. एसएस असलेल्या रुग्णाच्या लाल पेशी पाणी कमी झाले, थंडी लागली, ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. मग जी कळ येते तिला तोड नाही, मोठी माणसे ओरडून रडताना आम्ही पाहिली आहेत. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. तिथे या पेशी सहज अडकतात, आणि लहानपणापासूनच किडनीची पाणी राखून ठेवण्याची ताकद घटत जाते. म्हणून सिकलसेलचे मूल वारंवार लघवीला जाते, रात्री अंथरूण ओले करते आणि शाळेत बोलणी खाते. या किडनीला प्रोस्टाग्लँडिनचा आधार इतरांपेक्षा जास्त लागतो. आणि कळ आली की घरात पहिली शोधतात ती तीच गोळी. सिकलसेलच्या दुखण्याला डॉक्टर प्रसंगी ही औषधे देतातही, पण तपासून, सलाइन लावून, मोजून. दुकानातून आणून, तहानलेल्या लेकराला, आठवडाभर देणे वेगळे.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांना ते मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे, त्यांच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. पण नागपूरच्या झोपडपट्टीतले बौद्ध मूल त्या नकाशात कुठे बसते, हा प्रश्न आपल्या संघटनांनी विचारायला हवा. पुतळे आणि कमानींवर आपण बोलतो तितके तरी यावर बोलू या.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर आमच्यात वाद झाला, पण लिहितो. नव्वदच्या दशकात आपल्याकडची गिधाडे झपाट्याने मरू लागली. कारण बरीच वर्षे कळेना. २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवले की दुखऱ्या ढोरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मेलेल्या शरीरात राहते, ते मांस खाऊन गिधाडांची किडनी बंद पडते. २००६ साली भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटली ढोरांसाठी वापरली जाते हे लक्षात आल्यावर २०१५ साली तीही बंद करून एका वेळेपुरती छोटीच ठेवली. हे योग्यच झाले. गिधाडाची किडनी या औषधापुढे माणसापेक्षा फार नाजूक असते, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. तरी मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले होते आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ज्यांनी ते टाकून दिले, त्यांच्या नातवंडांना हा विचार सुचणारच. पक्ष्याची किडनी वाचवायला एका औषधाची बाटली बदलता येते. मग हीच गोळी चिठ्ठीशिवाय, पाण्याचे काही न विचारता, मोजून दोन-दोन रुपयांना मजुराला विकली जाते, तिथे कुणाला काही बदलावेसे का वाटत नाही?

आता दुसरी बाजू. या निरोपाचा उपयोग आम्ही लेबर रूममध्ये डोळ्यांनी पाहिला आहे. बाळ झाल्यावर गर्भाशय आकसले नाही तर रक्त थांबत नाही, चादर भिजते, पाहता पाहता बाई हातची जाते. तेव्हा मिसोप्रोस्टॉल देतात, ते प्रोस्टाग्लँडिनच आहे, माणसाने घडवलेले. ऑक्सिटोसिनला फ्रिज लागतो, या गोळीला नाही. म्हणून जिथे वीज नाही, डॉक्टर नाही, तिथे प्रशिक्षित कार्यकर्तीच्या हातून बाळंतपणानंतर दिलेल्या ६०० मायक्रोग्रॅमने, म्हणजे छोट्या तीन गोळ्यांनी, बाईचा रक्तस्राव आटोक्यात राहतो. स्निग्ध रेणूचा निरोप काय ताकदीचा असतो ते तिथे कळते. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनीही याच निरोपावर उघडी असते. म्हणून गर्भारपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाही. शेवटच्या महिन्यांत ती वाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते.

पाळीच्या दुखण्याचेही तेच. गर्भाशयाचे अस्तर सुटताना हा निरोप जास्त बनला की पोटात मुरडा येतो, कंबर भरते, मळमळते. पोरीचे नाटक नाही, कुणाचा कोप नाही, विटाळही नाही. पाळीचे पहिले दोन दिवस, पोटात अन्न आणि पाणी असताना, डॉक्टरांना एकदा विचारून मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतली तर ती चुकीची नाही, ती नेमक्या जागी काम करते. जिला एवढे साधे कुणी सांगितले नाही, तिला पुढे पिशवीच काढून टाका असे सांगितले जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले, चौकशी समिती बसली. तेरा हजारांहून अधिक बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत खाडा नको, खाड्याचा दंड नको, म्हणून अवयव काढून टाकणे! आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता.

स्टेरॉइडविषयी थोडक्यात. तीही स्निग्धच कुळातली, शरीर ती कोलेस्टेरॉलपासून बनवते. औषध म्हणून दिली तर ती कॉक्सच्याही आधी, टाका उसवण्याच्या पायरीवरच निरोप अडवतात, म्हणून आराम जादूसारखा वाटतो. सांधेदुखीचे बिननावाचे चूर्ण किंवा पुडी दोन दिवसांत चालायला लावत असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संशय धरावा. चेहरा वाटोळा होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पण महिनोन्महिने खाल्लेली पुडी एकदम बंदही करू नका, ती घेऊन सरकारी दवाखान्यात जा. गोरे करणाऱ्या काही मलमांतही हेच असते. आपला रंग हा आजार नाही, हे आपल्याच घरात किती वेळा सांगावे लागते!

मुलीच्या त्या प्रश्नानंतर आम्ही स्टॉलची रीत बदलली. आता पट्टी देत नाही. आधी पाण्याचा पेला हातात देतो, मग विचारतो. आज किती पाणी प्यालात? लघवी कधी झाली, रंग कसा होता? बीपी, साखर, सिकलसेल, पोटाचा फोड, दिवस गेलेले, यातले काही आहे का? घरची औषधे कोणती? ज्याला फक्त चालून पाय दुखतात त्याला सावलीत बसवतो, ओआरएस देतो, पाय उंच ठेवायला सांगतो. बहुतेकांना अर्ध्या तासात बरे वाटते. तरीही लागली तर पॅरासिटामॉल देतो. ते सूज उतरवत नाही, पण पोटाला आणि किडनीला तुलनेने सौम्य असते. मोठ्या माणसाने दिवसाला चार ग्रॅमच्या वर जायचे नाही, आणि दारू पिणाऱ्याने किंवा कावीळ झालेल्याने विचारल्याशिवाय घ्यायचे नाही.

ही रीत सगळ्यांना आवडली असे नाही. आमच्यातल्याच एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "लोक म्हणतील, पलीकडच्या स्टॉलवर गोळ्या देतात आणि ह्या नुसतं पाणी पाजतात." तसे झालेही. पहिल्या वर्षी रांग निम्मी झाली. एका काकांनी तोंडावर सांगितले, "गरिबाला द्याले हात नाही वळत तुमचा." ऐकून वाईट वाटले. आपल्या माणसाला पिढ्यानपिढ्या काहीच मिळाले नाही, म्हणून हातात काहीतरी पडावे ही त्याची अपेक्षा चूक कशी म्हणणार? पण हातात काय पडते ते विचारायला बाबासाहेबांनीच शिकवले, आणि तथागतांनीही. कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. आमच्या पांढऱ्या कपड्यालाही हे लागू आहे.

जवसाच्या चटणीने हे सगळे बरे होते का, असे एका वाचक भगिनीने विचारले होते. जवसात ओमेगा-३ स्निग्धांश असतो. शरीर त्यातून थोडे असे रेणू बनवते की ज्यांचे निरोप जरा सौम्य असतात. फार थोडे. चटणी खा, चांगली आहे, पण तिला औषध समजू नका.

किडनी निम्मी कामातून जाईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन फारसे वाढत नाही, म्हणून काही त्रास नाही याचा अर्थ सगळे ठीक असा होत नाही. ज्यांना वर्षानुवर्षे दुखण्याची गोळी लागते, ज्यांना बीपी, साखर किंवा सिकलसेल आहे, त्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे. सरकारी रुग्णालयात या तपासण्या होतात. बुद्ध विहारांतल्या आरोग्य शिबिरांत नुसते बीपी-शुगर करून पाठवू नका, लघवीची पट्टी तरी ठेवा. आणि वस्तीतल्या मंडळांनी या हंगामात एक काम करावे. ज्या वावरात, ज्या भट्टीवर आपल्या बाया जातात, तिथे पाणी आणि आडोसा आहे की नाही याची यादी करून ग्रामसभेत ठेवावी. आम्ही आमच्या भागातली केली आहे. सतरा ठिकाणांपैकी दोन ठिकाणी आडोसा होता.

भंडाऱ्याची ती मुलगी गेल्या वर्षी पुन्हा आली होती. आईचे डायलिसिस चालूच आहे. स्टॉलवर बसून तिने संध्याकाळपर्यंत लोकांच्या औषधांच्या पिशव्या उघडून नावे लिहून घेतली. यंदाही आम्ही असू, पाण्याचे पिंप दोन जास्त असतील. दीक्षाभूमीवर येताना घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्यांसकट, एका पिशवीत घालून सोबत आणा.